सत्तावीस वॅट

शिकवून शिकवून कंटाळा आलेले धडे पुष्कळ आहेत, पण 'कार्य, ऊर्जा आणि शक्ती' या धड्याचा मला आलेला कंटाळा वेगळा आहे. तीसएक वर्षं मी रत्नागिरीत शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हा धडा यायचा. दर वर्षी मी फळ्यावर एक विहीर काढायची, तिच्या काठावर एक पंप काढायचा, उंची लिहायची, पाणी किती ते लिहायचं आणि वेळ लिहायची. कार्य भागिले वेळ म्हणजे शक्ती. एका माणसानं गोणी हळूहळू माडीवर नेली आणि दुसऱ्यानं धावत नेली तर दोघांचं कार्य सारखंच, शक्ती मात्र दुसऱ्याची जास्त. मुलं माना डोलवायची. परीक्षेत गणित हमखास यायचं, त्यामुळे सगळ्यांनाच जमायचं. फळ्यावरच्या त्या विहिरीत पाणी कुठून येतं हे इतक्या वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगायचं तर मग आत्याबद्दल सांगावं लागलं असतं, आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासात तेवढी ताकद माझ्यात कधीच नसायची. आता तास संपले आहेत आणि गुडघेही, तेव्हा लिहून टाकते.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढे माडाची चार झाडं, मागे चढ, आणि चढ संपला की कातळ. घरात अण्णा, आई, आत्या आणि मी. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मी तिला पाहिलं ते विहिरीवरच. आमच्या विहिरीला पायरहाट होता. काठावरच्या फळीवर बसायचं, हातांनी वरचा दांडा धरायचा आणि पायांनी चाक ढकलत राहायचं, की दोरावर बांधलेले मातीचे लोटे एकामागून एक भरून वर येतात आणि दगडी डोणीत रिकामे होतात. पहाटे मला जाग यायची ती त्या रहाटाच्या कुरकुरीनं. कुर्र, मग जरा थांबून पुन्हा कुर्र, आणि मध्ये पाणी पडल्याचा आवाज. त्यामागे समुद्राची गाज असायचीच, पण ती ऐकू यायची नाही. पाहुणे यायचे त्यांना ऐकू यायची आणि झोप लागली नाही म्हणून सांगायचे.

आमच्याकडे सकाळी मऊभात, मेतकूट आणि आमसुलाचं सार असायचं, नाहीतर नाचणीची पेज. आत्या हे सगळ्यांच्या शेवटी खायची, रहाटावरून उतरून, पदरानं मान पुसत. आई म्हणायची, "वन्सं, निवालं हो सगळं, पुन्हा गरम करू का?" आणि आत्या म्हणायची, "कशाला? मी तापल्येच आहे की." घरात तिच्या कष्टांवर एवढंच बोलणं व्हायचं. कोणी तिला राबवत होतं असं नाही. अण्णा तिला मान द्यायचे, आई तिच्या शब्दाबाहेर नव्हती. पण पाणी आत्याचं, हे जसं काही आधीच ठरून गेलं होतं. पिण्याचं, धुण्याचं, भाजीपाल्याचं आणि कातळावरच्या कलमांचं.

ही कलमं म्हणजे अण्णांचा जीव. कातळात सुरुंगानं खड्डे फोडून, खालची माती टोपल्यांनी वर वाहून त्यांनी हापूसची चाळीस कलमं लावली होती. पहिले तीन उन्हाळे त्यांना पाणी घातलं तर जगतात, नाहीतर कातळ त्यांना भाजून काढतो. ते पाणी डोणीतून कळशीनं वर जायचं. आई दोन खेपा करायची, अण्णा कचेरीत जाण्याआधी चार, आणि बाकीच्या आत्या. चाळीसच्या चाळीस कलमं जगली. तेव्हा अण्णांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला आता कळतं. निवृत्तीनंतर स्वतःची बाग, पेट्या, मुंबईचा बाजार. त्यांनी पावसाळ्यात आणखी शंभर लावली. मी तेव्हा रत्नागिरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, नातेवाइकांकडे राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी यायची. शंभर कलमं बघून मी खूश झाले नाही. मी आत्याकडे बघितलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिच्या पोटऱ्या झाडाच्या मुळांसारख्या झाल्या होत्या.

नुकतंच गावात वीज आली होती. आली होती म्हणजे यायची आणि जायची. अण्णांनी पंपाचा विषय काढला आणि मी अंगात आल्यासारखी उठले. कॉलेजात तेव्हाच हा धडा झाला होता. आमचे सर म्हणायचे, मोजता येतं तेच खरं कळतं. मला वाटलं, या घरात इतकी वर्षं जे कोणी मोजलं नाही ते आपण मोजू. मी अण्णांचं घड्याळ घेतलं आणि एका रविवारी सकाळी विहिरीच्या काठावर आत्याच्या समोर जाऊन बसले. डोण किती पाण्याची ते आधी कळशीनं भरून मोजून ठेवलं होतं. पाण्यापासून डोणीपर्यंतची उंची दोरीला दगड बांधून काढली. आत्या नेहमीसारखी बसली आणि पाय मारू लागली. मी पूर्ण एक तास तिच्याकडे बघत होते. मधूनमधून ती माझ्याकडे बघायची आणि लाजायची. तिला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तासात डोण चार वेळा भरली. मी वहीत गुणाकार-भागाकार केला आणि म्हटलं, "आत्ये, तू सत्तावीस वॅट आहेस."

"म्हणजे गो काय?"

"पडवीत तो लहान दिवा लावलाय ना, साधारण त्याच्याएवढी."

ती पदरात तोंड लपवून हसली. "बाई! एवढी? मला वाटलं त्याहून कमीच भरेन."

मी हे सगळ्यांना सांगत सुटले. मैत्रिणींना, शेजारी, एसटीत भेटलेल्या ओळखीच्या बाईला. माझी आत्या सत्तावीस वॅटची आहे. मला त्यात कौतुक वाटत होतं, पण आज तेच वाक्य आठवलं की मान खाली जाते. एक बाई आयुष्यभर पाणी ओढते आणि मी तिला पडवीतल्या दिव्याशेजारी नेऊन ठेवते.

त्या तासात एक गोष्ट झाली होती, जिला मी वहीत 'विश्रांती' असं नाव दिलं. विहिरीच्या भिंतीतून एक काळपट चिरा थोडा पुढे आलेला होता. एरवी तो पाण्यात असायचा. चौथी डोण भरत आली तशी पाणी उतरून तो चिरा उघडा पडला, आणि आत्या फळीवरून खाली उतरली. "पुरे आता. संध्याकाळी बघू," म्हणाली आणि चहाला गेली. ती रोजच तिथे थांबायची. मला वाटलं, तिथपर्यंत ती दमते. साहजिकच होतं, अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण दमणार नाही? मी हिशेबात लिहिलं, माणूस एका तासानंतर थकतो, यंत्र थकत नाही.

मग मी पंपाचं गणित केलं. एकशे चाळीस कलमं, प्रत्येकाला चार कळशा, शिवाय घरचं, म्हणजे नऊ हजार लिटर धरू. विहिरीतून कातळावरच्या टाकीपर्यंत पंचवीस मीटर चढ. वेळ किती धरायची हा प्रश्न होता. वीज टिकेल याची खात्री वीस मिनिटांची, त्यापुढे रामभरोसे. म्हणून वेळ वीस मिनिटं. निम्मी शक्ती पंपात आणि पाइपात वाया जाते असं पुस्तकात होतं, ती धरली. उत्तर आलं पाच अश्वशक्ती. मी कागदावर स्वच्छ अक्षरात सगळ्या पायऱ्या लिहून, उत्तराला चौकट आखून अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर कचेरीत लोकांना दाखवला.

पंप पालीच्या बाजारातून आणला. बसवायला मुरारी मेस्त्री आला. काळा, किडकिडीत, सतत तंबाखू मळणारा माणूस. त्यानं विहिरीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "अण्णानूं, पाचचा कशाला घेतलात? ह्या बावीला दोन पुरं. तासभर चालल, चालूंदे की."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. मी मेस्त्रीला गणित समजावलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमचं बरोबरच असेल. पण बावीला आत पानी कितीनं येतं ते कुटं लिवलंत?"

मी म्हटलं, "विहिरीत पाणी आहे, दिसतंय ना? पुरुषभर आहे."

"हाय ते हाय," तो म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली. आत्या मागे दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मला ते आठवतं, कारण मी तिच्याकडे वळून हसले होते, आता तुझी सुटका, अशा अर्थानं. तीही हसली.

रहाट सोडवला. लोटे गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले. खटका दाबला की पंप गुरगुरायचा आणि वर कातळावर टाकीत धबाधब पाणी पडायचं. अण्णा पहिल्या दिवशी टाकीपाशी उभे राहिले आणि अंगावर पाणी उडू दिलं. वीस मिनिटांत टाकी भरली. माझं उत्तर अगदी बरोबर आलं होतं. एवढं बरोबर उत्तर मला पुढे आयुष्यात फारसं कुठं आलं नाही.

आता आमच्या सोसायटीत रोज सकाळी सहाला पंप लागतो. सेक्रेटरी आहेत ते मला 'मॅडम' म्हणतात आणि दोन महिन्यांपूर्वी विचारायला आले होते, पाणी हळू चढतं, मोठा पंप घेऊ या का? मी म्हटलं, बोअरला विचारा. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी दार लावून घेतलं, समजावत बसायचा मला कंटाळा आला होता.

फाल्गुन-चैत्र बरा गेला. एवढं सोपं पाणी मिळाल्यावर घर बदललं. अण्णांनी पपई लावली, मिरची लावली, वाल लावले. सकाळी टाकी, संध्याकाळी टाकी. काळा चिरा आता रोज उघडा पडायचा आणि त्याच्या खालचा तळही दिसायचा, पण ते बघायला काठावर कोणी बसलेलं नसायचं. दोन अश्वशक्तीच्या पंपानंही विहीर उपसलीच असती, खोटं कशाला बोलू. पण हळू उपसली असती, आणि पाणी खाली जाताना कोणाला तरी दिसलं असतं. आत्या पडवीत बसून आमसुलं वाळत घालायची, नारळ किसायची, आणि मध्येच उठून विहिरीकडे जाऊन परत यायची. आई म्हणायची, वन्संना करमत नाही. मीही तेच समजले. मग माझी परीक्षा आली आणि मी रत्नागिरीत अडकले.

मी आले तेव्हा कलमांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. अण्णा काळजीत होते. "ऊन फार आहे गो यंदा," म्हणाले. "काय करावं?" मी विचार केला आणि म्हटलं, "दुपारी पण सोडा. तीन वेळा." त्यांनी सोडलं. याला चार दिवस झाले असतील. दुपारी जेवायला बसलो तर आई रडवेली झाली होती. तिनं तुरीची डाळ तीन वेळा उकळली होती आणि दाणा शिजत नव्हता. तिला वाटलं, दुकानदारानं जुनी डाळ दिली. आत्या उठली, माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं आणि बाहेर जाऊन थुंकली. मग अण्णांपुढे भांडं ठेवलं.

"पंप थांबव," ती म्हणाली. "पाणी मचूळ झालंय. खारं आत आलंय."

अण्णांनी घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. बाजूची जमीन जेवढं गोडं पाणी झिरपवत होती त्याच्या कितीतरी पट आम्ही रोज उपसत होतो, आणि कमी पडलेली जागा समुद्रानं भरून काढली होती. रोज तीन वेळा, पंचवीस मीटर चढवून, आम्ही कलमांच्या मुळाशी खारट पाणी ओतत होतो. तिसरी वेळ मी सांगितलेली.

जेवण तसंच राहिलं. अण्णा पानावरून उठले नाहीत. त्यांनी आत्याला विचारलं, "ताई, त्या चिऱ्याखाली पाणी न्यायचं नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"सासरहून आल्ये तेव्हा बाबांनी सांगितलंन. चिरा दिसला की उठायचं, विहिरीला दम घेऊ द्यायचा."

"मग बोलली का नाहीस? मेस्त्री सांगत होता तेव्हा तू तिथंच होतीस. तोंड का उघडलं नाहीस?"

आत्या भांड्याकडे बघत होती. आई उगाच ताटं सारखी करत राहिली.

"चाळीस वर्षं बसल्ये मी त्या फळीवर," आत्या म्हणाली. "कोणी येऊन बघितलंन काय रे, मी किती पाणी काढत्ये ते? ही पोर घड्याळ घेऊन आली, तासभर समोर बसली. माझे पाय मोजलेन. कागदावर लिहिलंन. त्यावर काट मारायची होती काय मी?"

अण्णा उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं त्यांनी पंपाचा खटका वायरीसकट उपटून काढल्याचा आवाज आला. माझी रडायची हिंमत झाली नाही. रडले असते तर आत्या माझी समजूत घालायला आली असती आणि ते मला सहन झालं नसतं.

एकशे चाळीसांतली अठ्ठावीस कलमं राहिली, तीही खुरटी. अण्णांनी पुन्हा लावली नाहीत. विहीर दोन पावसाळ्यांनी धुण्याभांड्यापुरती सुधारली, प्यायच्या कामाची मात्र झाली नाही. त्या उन्हाळ्यात वापरायचं पाणी तेच मचूळ, आणि पिण्याचं, शिजवण्याचं पाणी वरच्या वाडीतून आणायचं. वाट कातळावरून, पाऊण मैल, एकही सावली नाही. जिची सुटका करायला मी निघाले होते ती आत्या डोक्यावर चुंबळ आणि त्यावर कळशी घेऊन त्या वाटेनं दिवसाला चार खेपा करू लागली. सुट्टी होती तोवर मी बरोबर जायची.

पहिल्या खेपेला मी भराभर चालले. लवकर आटपावं, तिला कमी खेपा पडाव्यात, असं मनात होतं. निम्म्या वाटेवर मला धाप लागली आणि कळशी हिंदकळून खांद्यावरून पाणी ओघळलं. आत्या मागून तिच्या त्याच चालीनं आली आणि शेजारी उभी राहिली. कातळ खालून तापला होता. समोर खाली समुद्र चकाकत होता. मी तिच्याकडे न बघता विचारलं, "आत्ये, तू माझ्यावर रागावलीस काय गो?"

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"दमल्ये गो मी," ती म्हणाली. "रागवायला अंगात काहीतरी उरावं लागतं."

आणि एका हातानं स्वतःची कळशी सांभाळत दुसऱ्या हातानं तिनं माझ्या डोक्यावरची कळशी सरळ केली.